बांधावरच्या चपला

बांधावर चपला नव्हत्या.

मालूबाईनं डोक्यावरची बुट्टी एका हातानं सावरली आणि दुसऱ्या हातानं गवत चाळवून बघितलं. तिच्या निळ्या रबरी चपला आणि लेकीचे पळायचे बूट दुपारी दोघींनी इथंच काढून ठेवले होते.

"तेजे, हितंच काढल्याल्या न्हवं गं?"

"व्हय की. ह्या बाभळीखाली." तेजस्वीच्या पाठीवर रताळ्याच्या वेलाचा भारा होता, तिला धड वाकता येईना. "कुत्र्यानं वढून नेल्या आसतील."

"कुत्रं नेतंय ते एक चपल नेतंय. माझ्या चपला आन् तुझं बूट जोडीनं न्यायला कुत्र्याला काय लगीन जुळवायचं हाय?"

तेजस्वी हसली. पण हसता हसता तिची नजर वाटेकडं गेली. ओल्या तांबड्या मातीत मोटारीच्या चाकांच्या ताज्या खुणा होत्या. मारुतीरावाच्या आदर्शची पांढरी मोटार दुपारी या वाटेला थांबलेली मालूबाईनं बघितली होती. बघून तिनं हातसुद्धा वर केला होता, आपल्या गावचं पोर म्हणून.

आता या मुलखातली सरव्याची रीत सांगितल्याशिवाय पुढं जाता यायचं नाही. मालकानं रताळी काढली, शेवटची बुट्टी टेंपोत चढली, की मागं मातीत जे राहतं, म्हणजे नांगर लागून तुटलेलं, बोटाएवढं, उंदरानं कुरतडलेलं, त्याला सरवा म्हणतात. तो वेचायला कुणीही यावं. विचारायचं नाही. विचारलं तर मालकाला हो म्हणायचं ओझं आणि नाही म्हणायची लाज. एकच करायचं, चपला बांधावर, वाटेच्या बाजूला, उघड्यावर काढून ठेवायच्या. वाटेनं जाणाऱ्या मालकाला लांबूनच कळावं की रानात कोण आहे. लपूनछपून काही नाही. मारुतीराव तर नुसत्या चपलांवरून बायका ओळखायचा आणि वाटेवरूनच ओरडायचा, "मालू, पल्याडच्या सरीत बघ गं, तिकडचा गडी आळशी हुता!" असा माणूस. गेल्या साली गेला बिचारा, आणि रान पोराच्या, आदर्शच्या हाती आलं.

आणि यंदा सरवा म्हणजे काही हौस नव्हती. परतीच्या पावसानं मालूबाईचं भात शेतात आडवं केलं होतं, लोंब्यांना जागच्या जागी मोड आले होते. घरात सकाळ-संध्याकाळ उकडलेली रताळी आणि म्हशीपुढं रताळ्याचा वेल, असं चाललं होतं.

दोघी अनवाणी घरी आल्या. वाटेत खडी टाकलेली होती, ती मालूबाईच्या टाचेच्या भेगेत शिरली. दारात बसून तिनं एकेक खडा काढला आणि प्रत्येक खड्याला आदर्शचं नाव घेऊन एकेक शिवी दिली. शिव्या इथं लिहीत नाही, पण कमी पडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालूबाई म्हशीखाली बसली होती तेव्हा भावकू हवालदाराची फटफटी दारात आली. हा भावकू खानापूरकडचा, मालूबाईच्या माहेरच्या गावाजवळचा. त्यामुळं खाकीत असला तरी तो तिला आक्काच म्हणायचा.

"मालूआक्का, स्टेशनला यावं लागतंय."

"कशाला? चपला गावल्या व्हय?"

"गावल्यात. पुरावा म्हणून गावल्यात." भावकूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "आदर्शनं अर्ज दिलाय. त्याच्या रानात बेकायदा शिरून रताळी चोरली म्हणून. तुझं नाव हाय, पोरीचंबी हाय."

मालूबाईच्या हातातली दुधाची धार थांबली. म्हैस मागं वळून बघायला लागली.

सोप्यात तिचा नवरा यल्लाप्पा दावी वळत बसला होता. मणका सरकल्यापासून त्याचं जग म्हणजे सोपा आणि काथ्या. मुळातच भित्रा माणूस, त्यात दुखणं. त्याच्या मांडीवरून काथ्याचा पिळा सुटला.

"पोरीचं नाव? आरं भावकू, तिची पोलिसाची भरती हाय. लेखी पास झालीया. आता पळायची परीक्षा, की मग चौकशी..."

"म्हणून तर मी सोता आलोय, आप्पा. अजून केस नोंदली न्हाय. मॅडमनी दोन्हीकडचं ऐकून घेऊ म्हटलंय. पण नोंदली, तर पोरीच्या चौकशीत ते निघणार. खोटं कशाला सांगू?"

म्हणजे ज्या खात्यात जायला पोरगी पहाटे उठून पळत होती, त्याच खात्याच्या कागदावर ती चोर म्हणून चढणार. मालूबाईनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. ती एवढंच म्हणाली, "चल तेजे. केस विंचर."

शेजारणीनं आपल्या चपला पुढं केल्या. मालूबाईनं त्या पायानंच मागं सारल्या. "नगंत. ज्यानं नेल्यात त्यानंच द्यायच्या." आणि ती अनवाणी बसमध्ये चढली. कंडक्टरनं तिच्या पायाकडं बघितलं, तर तिनं कंडक्टरकडं असं बघितलं की तो पुढच्या तिकिटाला लागला.

ठाण्यात फरशी नुकतीच पुसली होती. दारातल्या शिपायानं मालूबाईच्या पायाची तांबडी माती बघितली आणि बाहेरच्या नळाकडं बोट केलं. "काल तोळ्कोंड बा."

पाय धुवून ये, म्हणे, कानडीत. आत आदर्श चिखलाच्या बुटांनी खुर्चीवर बसलेला दिसत होता. त्याला कुणी नळ दाखवला नव्हता. मालूबाईचे कान तापले. तिनं पाय धुतले, चोळून चोळून धुतले आणि ओल्याच पायांनी आत गेली. फरशीभर तिची पावलं उमटली. उमटू देत म्हणाली मनात.

टेबलावर पारदर्शक पिशवीत तिच्या चपला आणि तेजस्वीचे बूट होते. चपलेच्या अंगठ्याला तिनं गेल्या दिवाळीत तार घातली होती, ती तार सगळ्यांना दिसत होती. पीएसआय मॅडम धारवाडकडच्या. बोलायच्या कानडी, पण मराठी सगळं समजायचं.

"येनम्मा, त्यांच्या जमिनीत का गेली?" त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या.

"सरव्याला गेलतो, बाईसाहेब."

"मॅडम, मी साधं सांगतो," आदर्श मध्येच म्हणाला. शहरात जमिनीच्या व्यवहारात पडल्यापासून त्याची भाषा इस्त्रीची झाली होती. "माझं काकूंशी वैर नाही. 'चोरायला शिरलो, चूक झाली, परत शिरणार नाही,' एवढं दोघींनी तुमच्यासमोर तोंडानं कबूल करावं. मी अर्ज मागं घेतो. उद्या मी तिथं प्लॉट पाडणार. तेव्हा कोणी उठून आमची इथं रीत आहे, हक्क आहे म्हणायला नको. एकाला समज मिळाली की गावाला मिळते."

"आरं, तुझी आय आजारी पडलती तवा तू दिवसभर माझ्या कमरंवर असायचास!" मालूबाई म्हणाली. "ह्याच रानात, ह्याच सरव्याची रताळी भाजून चारलीया तुला. तवा मी तुला चोरी शिकवत हुते व्हय रं?"

कोपऱ्यातला शिपाई हसला. आदर्शचं तोंड लाल झालं. मॅडमनी हात वर केला.

"सोमवारपर्यंत टाइम देते. दोघं मिळून बघा. नाहीतर मी नोंद करणार."

बाहेर चहाच्या टपरीवर भावकूनं दोघींना बाकावर बसवलं. तेजस्वीचे डोळे आतल्या त्या पिशवीतल्या बुटांवरच राहिले होते.

"आक्का, नीट ऐक," भावकू म्हणाला. "दुसऱ्याच्या रानात नुसता पाय पडला म्हंजे फौजदारी गुन्हा हुईत न्हाय. तसं आसतं तर निम्मं गाव आत बसलं आसतं. रान कुणाच्या ताब्यात हाय ते बघत्यात, माणूस आत शिरला का ते बघत्यात, आन् मुख्य म्हंजे मनात काय घिऊन शिरला ते बघत्यात. गुन्हा कराय शिरला, न्हायतर मालकाला भ्या घालाय, त्याचा अपमान कराय, त्याला तरास द्याय शिरला, तरच चारशेसत्तेचाळीस कलम लागतंय."

"आता तीनशेएकोणतीस, काका," तेजस्वी म्हणाली. "नवीन कायद्यात."

"व्हय गं बाई, पर आमच्या जिभंला जुनंच वळण."

"मनातलं तुमाला कसं कळतंय रं?" मालूबाईनं विचारलं.

"वागण्यावरनं."

"माझ्या मनात रताळी हुती."

"हितंच तर मेख हाय, आक्का! रताळी न्यायलाच गेलतीस न्हवं? तू म्हणतीस सरवा, त्यो म्हणतोय चोरी. सरवा आसंल तर आपला हक्क समजून उघड्या डोळ्यांनी गेलेली बाई, गुन्हा न्हाय. चोरी म्हणालीस, की चोरी कराय शिरलीस. म्हंजे त्येला काय शाबीत करायची गरजच न्हाय, तुझ्याच तोंडानं केस उभी ऱ्हातीया."

मालूबाईचा कप हातातच राहिला. म्हणजे आदर्श त्यांना नुसती माफी मागायला लावत नव्हता, गळ टाकत होता. आणि वर गोड बोलून.

"आन् दुसरं," भावकूनं बोट उगारलं. "रीत हुती तवर हुती. आता मालकानं पोलिसांसमोर नगं म्हटलंय. आता मुद्दाम, त्येला खिजवाय म्हणून रानात गेलीस, तर मीच तुला आत घालीन. माहेरचा हाय म्हणून सोडणार न्हाय."

"आन् बोलावून आत आलेला माणूस आसंल तर?" तेजस्वीनं विचारलं. तिला खरंच समजून घ्यायचं होतं, उद्या हेच काम करायचं होतं ना.

"त्येचंबी हाय. आमच्याकडं एक पावणा आलता केसात. जेवाय बोलावलेला. जेवला, हात धुतला, मग भावकीचं भांडण काढलं. घरधनी म्हणाला ऊठ, तर ह्यो उठंना, वर दमदाटी. आत यायची परवानगी हुती, जा म्हटल्यावर बसून भ्या दावायची न्हवती. त्यो बी ह्याच कलमात गेला. आन् राहतं घर म्हटल्यावर शिक्षा वाढीव."

मालूबाईनं चहा संपवला आणि कप उपडा ठेवला.

पुढचे दिवस कामातच गेले, काम काही थांबत नाही कुणाच्या केसपायी. आडवं पडलेलं भात कापायचं होतं. उभं भात कापायला कंबर वाकवावी लागते, आडवं कापायला अख्खा माणूसच वाकावा लागतो. चिखलात हात घालून एकेक मूठ वर ओढायची, विळा मारायचा, चिखल झटकायचा. निम्मं काळं पडलेलं, निम्मं कोंब फुटलेलं. मालूबाई अनवाणी चिखलात दिवसभर असायची. तिच्या टाचेची भेग मोठी झाली, रात्री त्यात तेल सोडलं की ती दात-ओठ खायची.

तेजस्वी पहाटे कंग्राळीच्या रस्त्यानं अनवाणी पळायची. परीक्षा पुढं होती, बूट पिशवीत होते. पहिल्याच दिवशी तिच्या तळव्याची साल निघाली. दुसऱ्या दिवशी तिनं फडकं बांधलं आणि पळाली. यल्लाप्पानं ते फडकं बघितलं, लाल झालेलं, आणि त्याला राहवेना.

"मालू, एक शबुद बोलून मोकळी हो. पोरीसाठी. आपण गरिबानं वाकलं म्हणून काय झिजतंय?"

"मी वाकतीया की. दिसभर भातात वाकतीया." मालूबाई चुलीपुढून उठलीच नाही. "पर चोर म्हणवून वाकायचं न्हाय. त्यो शबुद माझ्या तोंडातनं गेला की तिच्या कपाळाला चिकटंल. मग ती खाकी घालू दे न्हायतर आणि काय घालू दे."

"आन् न्हाय म्हटलं तरी चिकटंल, मग?"

मालूबाईनं रताळी चुलीतून ओढून काढली आणि त्याच्या ताटात जरा जोरातच टाकली. भीती तिलाही होतीच. भीती वाटत नाही असं म्हणणारा माणूस एकतर खोटारडा, नाहीतर बिनपोरीचा.

शनिवारी आदर्शनं रानात ट्रॅक्टर घातला. रोटर फिरवून राहिलासाहिला सरवा मातीत चेचून टाकला. गावातल्या बायका लांबून बघत राहिल्या. त्याला स्वतःला नको होतं, तरी कुणाला मिळू नये म्हणून केलेलं काम. मालूबाई वाटेनं भाताचा भारा घेऊन चालली होती. आदर्श बांधावर उभा होता.

"काय काकू, येणार काय आत?" तो हसत म्हणाला. "या की."

त्याच्या त्या हसण्यातच सगळं होतं. मालूबाईचा पाय बांधाकडं वळलासुद्धा. मग तिला भावकूचं उगारलेलं बोट आठवलं. तिनं तोंडातली तंबाखूची पिंक वाटेवर, आपल्या बाजूला थुंकली आणि चालायला लागली. मागं ट्रॅक्टरवाला खुदखुदत होता.

रविवारी, दिवेलागणीच्या वेळी, आदर्श घरी आला.

दारात त्यानं बूट काढले. पांढरे, जाड तळाचे, शहरातले. कितीही मोठा झाला तरी त्याच्या आईनं लावलेलं वळण पायातून गेलं नव्हतं. मालूबाईनं चटई टाकली, तांब्याभर पाणी दिलं. दारात आला म्हणजे पाहुणा. तिनं वाटीत रताळंसुद्धा ठेवलं, भाजलेलं.

"हे कुठलं?" त्यानं विचारलं.

"तुझ्याच रानातलं. खा. पुरावा हाय, संपवून टाक."

आदर्शनं वाटी बाजूला सारली. "काकू, उद्या सोमवार. मला वाटलं, समजुतीनं घ्यावं. तुम्ही तिथं जाऊन दोन वाक्यं बोला."

"बोलणार न्हाय."

"काका, तुम्ही तरी सांगा."

यल्लाप्पा खाली मान घालून दावं वळत राहिला. आदर्शचा सूर बदलला.

"मग ऐका. केस नोंदवल्याशिवाय मी राहत नाही. तुमच्या पोरीच्या चौकशीला कोण येतं, ते मला माहीत आहे. माझी उठबस आहे. ही पोरगी खाकीत दिसणार नाही, एवढं बघतो मी. आणि तुमच्या ह्या पडक्या घराची कागदं कशी आहेत, तेही बघतो."

तेजस्वी आतल्या दारात उभी होती. तिच्या पायाला फडकं होतं. तिचा हात चौकटीवर आवळला.

मालूबाई उठून उभी राहिली. तिचा आवाज आला तो चांगला खणखणीत आला. शेजारच्या दारातल्या बायका बाहेर आल्या, एवढा.

"आदर्श, ऊठ. माझ्या घरातनं भाईर हो."

"बसलोय मी. बोलणं व्हायचंय."

"मी ऊठ म्हणतीया. पावणा म्हणून आलास, पाणी दिलं. आता भ्या दावाय लागलाईस. ऊठ."

"नाही उठत." तो मांडी घट्ट करून हसला. "काय करणार?"

मालूबाई उंबऱ्यापर्यंत गेली, दारातले पांढरे बूट दोन बोटांनी उचलले आणि आत येऊन भुशाच्या पोत्यात कोंबले. पोत्याला यल्लाप्पाचं नवं दावं गुंडाळलं आणि करकचून गाठ मारली. गाठीचं टोक यल्लाप्पानं धरून ओढलं. स्वतःहून ओढलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या माणसाच्या पाठीत ताठपणा दिसला.

"माझे बूट!" आदर्श ताडकन उठला.

"पुरावा हाय," मालूबाई म्हणाली. "उद्या पोलिसात मिळतील."

शेजारच्या बायका दारात जमल्या होत्या. कुणाच्या तोंडाला पदर, कुणाच्या नाही. आदर्शनं एकदा पोत्याकडं बघितलं, एकदा बायकांकडं, आणि अनवाणी बाहेर पडला. मोटार पार वेशीजवळ, कारण गल्लीत ती मावत नाही. गल्लीत खडी टाकलेली. मध्ये मालूबाईच्या म्हशीनं आपलं काम करून ठेवलेलं. तो एकेक पाय उचलून टाकत चालला, आणि मागून एकीनं आवाज दिला, "सावकाश रं बाळा, लागंल!" गल्ली हसली. मालूबाई हसली नाही. तिनं आत येऊन पोत्याची गाठ पुन्हा एकदा ओढून बघितली.

सोमवारी ठाण्यात तिनं पोतं टेबलावर ठेवलं, पिशवीच्या शेजारी. पाय नळावर आपणहून धुतले होते. आदर्श नवी चप्पल घालून आला होता.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"ह्येचं बूट हाईत, बाईसाहेब. माझ्या घरात सोडून आला. मी ऊठ म्हटलं, उठला न्हाय. वर माझ्या लेकीला भ्या घातलं, घर घालवीन म्हटलं. गल्लीनं ऐकलंय. आता माझाबी अर्ज घ्या. नंबराचं काय ते तुमी घाला."

मॅडमनी आदर्शकडं बघितलं. "खरं काय?"

"मॅडम, मी बोलायला गेलो होतो. पाहुणा म्हणून. बूट दारात काढले होते मी! गुन्हा करायला जाणारा माणूस बूट काढून जातो का?"

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. भावकूनं खिडकीकडं तोंड वळवलं. मालूबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. ती हे वाक्य मनात घेऊनच आली होती, पण आता तिला ते बोलायची गरजच उरली नव्हती.

"हां," मॅडम सावकाश म्हणाल्या. "त्यांनी पण काढल्या होत्या. रस्त्याच्या बाजूला. तुम्हीच फोटोसकट लिहून दिलंय." त्यांनी पिशवी आणि पोतं दोन्ही जवळ ओढलं. "दोन अर्ज आहेत. तुमचा जमिनीचा, ह्यांचा राहत्या घराचा. घराचा जड असतो, साक्षीदारपण आहेत. दोन्ही नोंदवू का?"

आदर्शनं कपाळावरचा घाम पुसला. जमिनीच्या व्यवहारात असलेल्या माणसाला स्वतःच्या नावावर असली नोंद परवडत नाही, हे त्याला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

"मी मागं घेतो," तो म्हणाला.

"नुसतं मागं नगं," मालूबाई म्हणाली. "मागं घेतलं म्हंजे दया केली. दया नगं मला. तोंडानं बोल, सगळ्यांसमोर. तुला तोंडानंच कबूल करून पायजे हुतं न्हवं? बोल, ह्या चोर न्हाईत, सरव्याला आलत्या."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

"चोर नाहीत," आदर्श पुटपुटला. "सरव्याला आल्या होत्या."

"आन् आता सरळ इचारते. जल्मात कधी कुणी इचारलं नव्हतं, मी इचारते. सरव्याला येऊ का नगं? व्हय म्हण, न्हायतर न्हाय म्हण. न्हाय म्हणालास तर पाय ठेवणार न्हाय, तुझं रान हाय."

आदर्शनं मॅडमकडं बघितलं. मॅडम त्याच्याकडंच बघत होत्या, पेन हातात धरून. मालूबाईचा अर्ज अजून टेबलावरच होता. आणि रानात आता होतंच काय, सगळं रोटरखाली गेलेलं. त्यानं हिशोब केला असणार.

"या," तो म्हणाला. "या सरव्याला. काय राहिलंय ते न्या."

तेजस्वीनं तिथंच, ठाण्याच्या पायरीवर बसून बूट घातले. फडक्यावरूनच घातले. नाड्या आवळताना तिला रडू आलं आणि ते तिनं पुसलंसुद्धा नाही. मालूबाईनं आपल्या चपलांत पाय सरकवले, तार जागच्या जागी आहे का बघितलं.

घरी गेल्यावर ती जेवलीसुद्धा नाही. बुट्टी घेतली, खुरपं घेतलं आणि थेट मारुतीरावाच्या रानाकडं निघाली. बांधावर थांबली. चपला काढल्या, बाभळीखाली, वाटेच्या बाजूला, अगदी डोळ्यात भरतील अशा ठेवल्या आणि आत उतरली.

रानात रताळी नव्हती. रोटरनं चेचलेल्या फोडी होत्या, मातीत कालवलेल्या, काही आंबून वास मारणाऱ्या. म्हशीनंसुद्धा नाक मुरडावं अशा. तरी ती वाकून वेचत राहिली, ह्या सरीतून त्या सरीत, पदर खोचून, सावकाश, ऊन उतरेपर्यंत.

पांढरी मोटार वाटेला येऊन थांबली. काच खाली झाली. आदर्श चपलांकडं बघत राहिला, मग तिच्याकडं. जा म्हणायला त्याचं तोंड उघडलं होतं. पण कालपर्यंत मुठीत असलेला तो शब्द तो सकाळी ठाण्यात, मॅडमसमोर ठेवून आला होता, आणि मालूबाईचा अर्ज अजून तिथंच होता. त्यातच भावकूची फटफटी मागून आली आणि मोटारीच्या शेजारीच उभी राहिली.

"मालूआक्का!" भावकूनं वाटेवरूनच हाक दिली. "रताळी तर सगळी चेचून गेल्याती. आता काय घिऊन आत शिरलीस मनात?"

मालूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिनं चेचलेली एक फोड बुट्टीत टाकली आणि मोटारीतल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता? आता ह्येला खिजवायचंच हाय. लिहून घे!"

"काय उपेग न्हाय, आक्का," भावकू म्हणाला. "त्यानंच ये म्हटलंय."

काच वर गेली. मालूबाई पुढच्या सरीत वाकली.